शून्य ते चार

शकु म्हणाली, "आज काय जीव घेणारेत का गं हे? सकाळी सकाळी या वासाने पोटात कावळे ओरडायला लागले बघ," आणि मी "हो ना" म्हणून हसले. दहाबारा पावलं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी खोटं बोलले होते. ठरवून नव्हे. ती रोज त्या कोपऱ्यावर असंच काहीतरी म्हणते, मी रोज हसते, आणि हसण्याला वासाची गरज लागत नाही. पार्ल्यात आमच्या घरापासून बस स्टॉपपर्यंत चालत नऊ मिनिटं लागतात. त्यातली चार बिस्किटाच्या कारखान्याच्या वाऱ्यात जातात. लहानपणी डोळे मिटून चालत मी कोपरा ओळखायचे: आधी नुसतं गरम पीठ, मग दूध, मग करपायच्या जरा अलीकडची साखर. आज तिथे काहीच नव्हतं. फेब्रुवारीची गार हवा नाकात शिरली आणि तशीच बाहेर आली. मला वाटलं, भट्टी बंद असेल. पण शकु माझ्या शेजारी खोल श्वास घेत चालली होती. अंधेरीच्या एका शाळेत ती क्लार्क आहे, डबा दहा वाजताच उघडते, आणि तिला आत्तापासूनच भूक लागली होती. "काय गं, गप्प का?" "काही नाही. सर्दी आहे." "कुठेय सर्दी? आवाज तर खणखणीत आहे." ती तिच्या बसमध्ये चढली. मी मरोळच्या बसची वाट बघत उभी राहिले, आणि मागे जात जात आठवायला लागले की शेवटचा वास कधी आला होता. दिवाळीत? चकल्या तळताना मी स्वयंपाकघरात होते, पण आठवत होता तो तेलाचा आवाज. नसलेल्या गोष्टीला तारीख नसते. ती येते तेव्हा आपण दचकतो, जाते तेव्हा आपण दुसऱ्या कामात असतो.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर त्याने एखादं औषध घेतलं असतं आणि जेवताना कुरकुर केली असती. माझं नाक ही माझी नोकरी आहे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छपाईचा कारखाना आहे. आम्ही वर्तमानपत्रं छापत नाही, पुस्तकं छापत नाही. वेष्टनं छापतो, ज्यांवरचं लोक वाचत नाहीत, फाडतात. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्यावर सात महिने मी घरी होते, मग चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात इथे लागले. माझ्या टेबलावर एक छोटा ओव्हन, सहा काचेच्या बरण्या, कात्री आणि एक जाड रजिस्टर. छापलेल्या प्रत्येक लॉटमधून ठरावीक मापाचा तुकडा कापायचा, चुरगळून बरणीत घालायचा, झाकण घट्ट लावून अर्धा तास साठ डिग्रीवर ठेवायचा. मग झाकण किंचित सरकवून एकदाच हुंगायचं. शाई पातळ करणारं सॉल्व्हंट नीट उडून गेलं नसेल तर ते प्लास्टिकच्या फिल्ममध्ये अडकून राहतं, आणि पुढे आतल्या खाण्याला लागतं. काहीच वास नाही तर शून्य. शंका आली तर एक, ओळखू आला तर दोन, स्पष्ट असेल तर तीन, आणि तोंड मागे घ्यावंसं वाटलं तर चार. खाण्याच्या मालाला एकपर्यंत पास. मोठ्या कंपन्यांकडे हे मोजायला यंत्र असतं. आमच्याकडे मी आहे.

बसमध्ये मी रुमालात तोंड घालून पाहिलं. पुढच्या बाईच्या वेणीत अबोलीबरोबर मोगऱ्याची चार फुलं होती. वाकून, धक्का लागल्यासारखं करून, मी त्यांच्याजवळ नाक नेलं. तिने वळून बघितलं. मी "सॉरी" म्हटलं.

माझ्या पहिल्या दिवशी महादूमामांनी मला सगळी यंत्रं वासाने दाखवली होती. महादूमामा ग्रॅव्ह्युअर या छपाईयंत्राचे ऑपरेटर, माहुलचे कोळी, तेव्हा छप्पन वर्षांचे. माझ्याआधी बरणी त्यांच्याकडे होती. हातवाऱ्यांनी ते मला एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेत होते, लग्नात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे. "हा फ्लेक्सो. रबराचे ठसे, पावाच्या पिशव्या छापतो. वास काय, तर इंजेक्शनच्या आधी कापूस फिरवतात ना, तो." दुसऱ्या खोलीत लाकडी चौकटीत ताणलेलं रेशमी कापड, त्यावरून रबराच्या पट्टीने शाई ओढणारे दोघं, आणि खाली प्लास्टिकचे कॅन. "हे स्क्रीन. गोल वस्तूवर, जाड शाईचं काम. जरा कापरावर जातो वास." शेजारच्या गाळ्यात डब्यांचे पत्रे छापून भट्टीत भाजायचे, तिथून उग्र तळणीसारखं काहीतरी भिंतीवरून यायचं. "पत्रा कडक, शाई अंगाला लावून घेत नाय. मंग मधी रबराची चादर घालतात, ती शाई घेते आनि पत्र्याला देते." कोपऱ्यात एक नवं यंत्र होतं. त्यातला सिलिकॉनचा मऊ गोळा खाली यायचा, खोदलेल्या प्लेटवरून शाई उचलायचा आणि पेनाच्या टोपणावर अलगद टेकवायचा, टोपणाच्या गोलाईवर स्वतःला दाबून घेत. मला ते फार आवडलं होतं. महादूमामा त्याच्याकडे संशयाने बघत म्हणाले, "पॅड. याला वासच नाय." आणि शेवटी त्यांचं स्वतःचं: दोन माणसांच्या लांबीचं, चार रंगांचं ग्रॅव्ह्युअर. तांब्याच्या रोलरवर सुईच्या टोकाएवढे लाखो खड्डे, रोलर शाईत बुडून फिरतो, एक पोलादी पट्टी वरची शाई खरवडून टाकते आणि खड्ड्यांतली तेवढी ठेवते. त्या पट्टीला सगळे डॉक्टर म्हणतात. मग फिल्म गरम हवेच्या पेटीतून जाते आणि पुढच्या रंगाकडे. शाईतल्या टोल्युइनचा तो गोड, चिकट वास मला पहिल्या तासात डोक्यात बसला होता. इतका, की घरी आल्यावर आईने मला दारातच थांबवलं होतं.

बरणी हातात देताना महादूमामांनी एक युक्ती शिकवली. दोनचार बरण्या झाल्या की नाक भांबावतं. मग हात दुमडून आपल्याच कोपराच्या खोबणीत नाक खुपसायचं आणि तीन श्वास घ्यायचे. "आपला वास आपल्याला नसतो. म्हंजे तो शून्य. तिथून परत चालू." मला हे शास्त्रीयदृष्ट्या इतकं बरोबर वाटलं होतं की मी वहीत लिहून घेतलं: शून्य म्हणजे आपण.

टेबलापाशी पोचल्यावर मी आधी अमोनियाची बाटली उघडली. नाकात भाला गेल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि क्षणभर मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसले. मग कॉलेजातलं एक वाक्य आठवलं. अमोनिया टोचतो, आणि टोचणं कळतं ते वेगळ्या मज्जातंतूला. वासाचा तंतू मेला तरी तो टोचतोच. मी टोल्युइनची बाटली उघडली. काही नाही. इथाइल अ‍ॅसिटेट, जे नखांच्या रंगासारखं आणि जरा फळासारखं असतं. काही नाही. बाटलीत रंगहीन द्रव होता, पाणी असावं तसा. लेबल माझ्याच अक्षरात होतं.

आजचा लॉट समोर होता. नाशिकच्या एका कंपनीच्या बालाहाराचं वेष्टन: पिवळ्या जमिनीवर वाटी, चमचा आणि दात नसलेलं हसणारं मूल. ट्रक चारला येणार होता. बरणी ओव्हनमध्ये घालून मी रजिस्टर मागे उलटत गेले. शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. ऑक्टोबरात ग्रॅव्ह्युअरला नवी हवेची पेटी बसवली होती. त्यानंतर रिजेक्ट थांबले म्हणून आमचे मॅनेजर गुप्तेसाहेब खूश होते. महादूमामांना त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती आणि मला म्हणाले होते, मार्चच्या एक तारखेला पर्मनंटचं पत्र काढू. मीही खूश होते. आता ड्रॉवरमधला आलेखाचा कागद काढला आणि दर आठवड्याची सरासरी मांडत गेले. हाताला काम मिळालं की माझी भीती जरा लांब उभी राहते. सव्वा वर्षाचे चौसष्ट ठिपके. पहिल्या महिन्यांत ते दोनच्या आसपास होते. मेमध्ये दीड. ऑगस्टमध्ये एक. ऑक्टोबर, म्हणजे नवी पेटी, तिथे मी उभी रेघ मारली. त्या रेघेवर काहीच झालं नव्हतं. ठिपके आधीपासून उतरत होते आणि नंतरही त्याच चालीने उतरत राहिले, जानेवारीत तळाला लागेपर्यंत. यंत्र सुधारलं तर पायरी पडते. हा उतार होता. तरी मी फ्लेक्सोचे आकडे वेगळ्या रंगाने मांडले. फ्लेक्सोला वर्षभर कुणी हात लावला नव्हता, तीच जुनी हवा, तोच ऑपरेटर. तोही सुधारला होता, तेवढाच, त्याच उताराने. सगळा कारखाना हळूहळू शुद्ध होत गेला होता, आणि त्या शुद्धतेचं एकच कारण त्या टेबलाशी बसून पेन्सिल चावत होतं.

मी बराच वेळ तो कागद बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा असता तर तो मला सुंदर वाटला असता. इतका गुळगुळीत उतार प्रयोगशाळेतही मिळत नाही. मग त्यातल्या शेवटच्या ठिपक्यांमध्ये मला तीन जागा दिसल्या: जानेवारीचा एक, या महिन्यातले दोन. बालाहाराचे आधीचे तीन लॉट. शून्य, शून्य, शून्य. ती वेष्टनं आता कुठे कुठे असतील. कुठल्यातरी स्वयंपाकघरात पुडा फाडला जात असेल, पेज शिजत असेल, आई चमचा पुढे करत असेल आणि मूल तोंड फिरवत असेल. तक्रार येणार नाही. मुलाला सांगता येत नाही आणि आईला वाटतं, हट्टी आहे. एखादी वैतागून चापट मारील. कुणाच्याही डोक्यात मरोळ येणार नाही.

ओव्हनची घंटा वाजली. मी बरणी उघडली आणि सवयीने हुंगली. सवयीने कोपराच्या खोबणीत नाक घातलं. दोन्हीकडे तेच होतं.

महादूमामा यंत्राच्या शेवटच्या टोकाशी होते, जिथे छापलेली फिल्म परत गुंडाळली जाते. ते एक जुनी गोष्ट करत होते, जी मी पहिल्या दिवसापासून बघत आले होते आणि जिला मी लकब समजत होते. रोलची कड अंगठ्याने सोडवून ते ती कानाशी धरायचे आणि पदर हळूच वेगळा करायचे, शंख ऐकावा तसे. मी बरणी पुढे केली.

"मामा, जरा हुंगा."

"मी कशाला? तू हायस ना."

"हुंगा तर खरं."

त्यांनी बरणी घेतली, हातातल्या हातात फिरवली, माझ्याकडे न बघता झाकण परत लावलं आणि यंत्र बंद केलं. यंत्र थांबायला थोडा वेळ घेतं. तोपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत होतो.

"मना येत नाय," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"वास. त्र्याऐंशीला गेला. गणपतीत कळलं. धुपाचा धूर दिसला, वास नाय."

 मी हिशेब करत होते. त्र्याऐंशीच्या सप्टेंबरापासून चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरापर्यंत पंधरा महिने बरणी त्यांच्याकडे होती. आणि त्यानंतर माझ्याकडे.

"मग तुम्ही आकडे कसे लिहीत होता?"

"कानान." त्यांनी रोलची कड परत उचलली आणि माझ्या कानाशी आणली. "ऐक. सुकलेला असला तं कागदासारखा सुटतो, खळ्ळ करून. सॉल्व्हंट राहिला असंल तं पदराला पदर धरतो. चर्र करतो. मासा तव्याला लागतो ना, तसा."

मी ऐकलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं. अगदी बारीक चर्र होतं.

"हे ओलं आहे," मी म्हटलं.

"हां. मंगळवारपासून ओलं हाय. जानेवारीत पन होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू शून्य लिहिलंस." ते रागावलेले नव्हते. एखाद्या लहान मुलीला उघड गोष्ट समजावत असल्यासारखे बोलत होते. "तू शिकलेली. ओव्हन, डिग्री, रजिस्टर. म्हटलं, आता आपले कान पन गेले. दोन म्हैने मी कानात तेल घालतोय, बाय."

मी हसले. हसू आवरत नव्हतं आणि त्यात काही गंमतही नव्हती. हा कारखाना एका गेलेल्या नाकाने दुसऱ्या गेलेल्या नाकाला सोपवून चालवला होता, आणि एकमेव चालू इंद्रिय माझ्या आकड्यांमुळे स्वतःवर शंका घेत बसलं होतं. मग मला दुसरं सुचलं आणि हसू थांबलं.

"मामा, तुमचं कशाने गेलं हे तुम्हाला ठाऊक होतं."

ते हात पुसत राहिले. शाई निघून गेल्यावरही पुसत राहिले.

"होतं."

"आणि बरणी मला दिलीत."

"कुनाला तरी द्यायचीच होती. मना वाटलं, तुझं उशिरा जाईल. तवर तू लगीन करून जाशील." मग म्हणाले, "कोपराचं शिकवलं की तुना."

मी माझ्या आत राग शोधला, तो कुठेतरी होता, पण तोही बिनवासाच्या वस्तूसारखा वाटला, आहे हे माहीत असलेला आणि जाणवत नसलेला. मी एवढंच म्हटलं की गुप्तेसाहेब कानावर विश्वास ठेवणार नाहीत. मला एक नाक पाहिजे. कारखान्यातलं नको, इथल्या कुणाचंच आता खात्रीचं नाही.

"पुतळाय," महादूमामा म्हणाले.

पुतळाबाई त्यांची बायको. मरोळच्या बाजारात मासळी घेऊन बसते. मी नाव ऐकून होते. जेवणाच्या सुट्टीत तीन बरण्या गरम टॉवेलात गुंडाळून आम्ही निघालो. बरण्यांच्या बुडाशी मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. एकीत न छापलेली कोरी फिल्म, एकीत आजचा लॉट, एकीत जानेवारीच्या लॉटचा, हवाबंद डब्यात राखून ठेवलेला नमुना. कोणती कोणती हे महादूमामांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असतं. माझं बाकी काही उरलं नव्हतं, पण पद्धत उरली होती.

बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा नाकाला पदर न लावता गेले. ओल्या फरश्या, बर्फ, खवल्यांची चमक, पाट्यांवर उताणे पापलेट, आणि त्या सगळ्यावर एक स्वच्छ, रिकामी हवा. चित्रातून चालल्यासारखं वाटत होतं. पुतळाबाई पाटावर बसून गिऱ्हाईकाशी भांडत होती. नवऱ्याला बघून म्हणाली, "काय, कंपनी जळली का? या टायमाला?" मग माझ्याकडे, "ही कोन?"

"बरणीवाली."

"बस गो बाय. बोंबील घे, ताजे हायत."

मी बरण्या तिच्यापुढे ठेवल्या आणि काय करायचं ते सांगितलं. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले, आणि मुलाच्या तोंडाचा वास घ्यावा तशी पहिली बरणी सहज उघडली.

"ह्याच्यात काय नाय. रिकामी."

दुसरी उघडली आणि तिने मान मागे घेतली. "अगो आये. ह्यो तं आमचा माहूल. रिफायनरीचा वारा आला का असाच येतो. बाटलीत भरून आनलंस का काय?" तिसरी. ती जास्त वेळ हुंगली, डोळे बारीक करून. "ह्यो पन माहूल. पन शिळा."

मी बरण्या उलट्या करून खुणा बघितल्या. कोरी. आजची. जानेवारीची.

"शून्य ते चारात किती म्हणाल?" मी विचारलं. "चार म्हणजे सगळ्यात जास्त."

"आकडं मना नको सांगू. ह्यात काय बांधतात?"

"लहान मुलांचं खाणं."

तिने बरण्या माझ्याकडे सरकवल्या. मग म्हणाली, "मी ह्यात मांदेली पन नाय बांधनार." आणि नवऱ्याकडे हनुवटी करून, "ह्याला कशाला विचारता? अडीच वर्सं झाली, शिळं कालवन दिलं तरी मुकाट खातो. मना वाटलं, मानूस सुधारला."

महादूमामा दुसरीकडे बघत होते. निघताना तिने माझ्या पिशवीत बोंबील कोंबले. मी बर्वे आहे आणि आमच्यात मासे खात नाहीत, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

गुप्तेसाहेबांच्या टेबलावर मी रजिस्टर आणि आलेख ठेवला आणि सगळं क्रमाने सांगितलं. महादूमामांचं सोडून. पुतळाबाईला मी फक्त "मासळी बाजारातल्या एक बाई" म्हटलं. ते चष्मा काढून आलेख बघत होते. वाईट माणूस नाही. दमलेला आहे.

"मासळीवालीने आपला लॉट रिजेक्ट केला, असं मी नाशिकला कळवू?"

"तिने तीन बरण्या बिनचूक ओळखल्या, सर. न सांगता."

"बर्वे, तुम्हाला सर्दी आहे."

"नाही, सर."

"आहे. ऐका माझं. आजचा लॉट थांबवू, परत गरम हवेतून काढू. रजिस्टरात लिहा, तपासनीस सर्दीमुळे अनुपस्थित. आधीचे गेले ते गेले, तक्रार नाही कुणाची. एक तारखेला तुमचं पत्र निघायचंय. तुम्ही आज हे लिहिलंत तर मी ते कुठल्या पोस्टवर काढू, सांगा? नाक नसलेल्या नाकाच्या पोस्टवर?"

सर्दी हा किती मऊ शब्द आहे, असं माझ्या मनात आलं. पॅडच्या त्या सिलिकॉनच्या गोळ्यासारखा. कुठल्याही आकारावर टेकला की त्याचाच आकार घेतो, काही मोडत नाही. सर्दी कालपासून असते आणि आठवड्यात जाते. तिच्यामागे उतार नसतो. मी एक तारखेचा विचार केला, घरी आईने पेढे आणायचं ठरवून ठेवलं होतं त्याचा, त्या सात महिन्यांचा, दुपारी तीन वाजता घरातल्या घड्याळाच्या आवाजाचा. मग चौसष्ट ठिपक्यांचा. ठिपक्यांना मी दया दाखवू शकत होते, पण ते खोडल्याशिवाय नाही. आणि चमचा पुढे करणारी ती बाई डोक्यातून जात नव्हती. तिला मी चेहरा दिला नव्हता, तिचा फक्त हात दिसत होता.

मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, रजिस्टर उघडलं आणि लाल पेनने लिहिलं: बालाहार, आजचा लॉट, नापास. त्याखाली: मला वास येत नाही. ऑगस्टनंतरचे माझे कोणतेही आकडे धरू नयेत. जानेवारीचा लॉट दुसऱ्या व्यक्तीकडून तपासला, तोही नापास. फेब्रुवारीचे दोन तपासावेत. सही. अक्षर नेहमीसारखं आलं, याचं मला नवल वाटलं.

 दार उघडून महादूमामा आत आले. ते बाहेर किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, रजिस्टर स्वतःकडे वळवलं, आणि माझ्या सहीखाली मोठ्या, एकमेकांना न चिकटणाऱ्या अक्षरांत लिहायला लागले. एवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. महादू वरळीकर. मला पण येत नाही. १९८३ पासून.

"महादू," गुप्तेसाहेब म्हणाले, "तुझे चौदा महिने राहिलेत रे."

"कानान काढीन, साहेब. ह्या बायकडून लिहून घ्या, माझे कान चालतात."

साहेबांनी चष्मा लावला, रजिस्टर मिटलं, परत उघडलं. मग फोन ओढून नाशिकला अर्जंट ट्रंककॉल लावायला सांगितला. रिसीव्हर ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या पत्राचं मग बघू," आणि आम्हाला कळलं की आम्ही जायचं आहे. चारला ट्रक आला आणि रिकामा गेला. महादूमामांनी यंत्राचा वेग कमी केला होता, फिल्मवर बोट धरून ते गरम हवेची पेटी तपासत होते. मी माझ्या टेबलावर बरण्या धुतल्या आणि उपड्या ठेवल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. उद्या मी कुठे बसायचं हे कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

पार्ल्याला उतरले तेव्हा पुढे शकु चालताना दिसली. मी तिला गाठलं. तिने माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन पावलं बाजूला झाली.

"जयंती, तुझ्या पिशवीत काय मेलंय?"

"बोंबील."

"बर्व्यांच्या घरी? काकू तुला जिन्यातच थांबवतील."

"तू घे. तुमच्याकडे चालतात ना."

तिने पिशवी घेतली आणि माझं तोंड निरखत राहिली. आम्ही कोपऱ्यापर्यंत चालत आलो. तिथे मी लोकांकडे बघत होते. समोरून येणारा एक गृहस्थ चालता चालता किंचित संथ झाला. एका बाईने कडेवरच्या मुलीला काहीतरी दाखवल्यासारखं हवेत बोट केलं. मुलीने तोंड उघडलं. मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं की वास इथून सुरू होतो आणि त्या खांबाशी संपतो.

"शकु, आता येतोय ना?"

"कसला?"

"बिस्किटांचा. किती येतोय?"

"किती म्हणजे काय? वास काय किलोवर असतो?"

"शून्य ते चार. शून्य म्हणजे काहीच नाही. नीट सांग. एकदाच हुंगायचं, मग सांगायचं."

ती थांबली. एका हातात बोंबील, दुसऱ्यात शाळेची पर्स, रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने डोळे मिटले आणि परीक्षेला बसल्यासारखा श्वास घेतला. मी वाट बघत होते. माझा हात आपोआप दुमडला गेला होता.

"साडेतीन," ती म्हणाली.